उजेड आहे तोवर

“चला, निघा आता. उजेड आहे तोवर निघा.”

पाहुण्याच्या हातातला चहा अर्धा झालेला असताना काकू हे म्हणायच्या. म्हणता म्हणता उठायच्या, खिडकीचा पडदा बाजूला सारून काचेवर तळहात ठेवायच्या आणि आकाशाकडे असं बघायच्या, की जणू ते दिलेला शब्द फिरवणारं कुणी नात्यातलं माणूस आहे. तेवढ्यात पाहुण्याचा कोट खुंटीवरून निघून त्याच्या मांडीवर आलेला असायचा. कोटावर स्टीलचा डबा. डबा गरम. पाहुणा उरलेला चहा घाईने प्यायचा, जीभ पोळून घ्यायचा, आणि दाराबाहेर पडल्यावर त्याच्या लक्षात यायचं, की आपल्याला घालवलं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या वागण्याचा आधी राग येतो आणि अर्थ फार मागाहून कळतो. मला काकूंचा अर्थ कळला त्याच दुपारी मी त्यांना एक उत्तर देऊन बसले. ते उत्तर मला अजून परत घेता आलेलं नाही.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ग्लासगोच्या दक्षिण भागात राहिलेला कुठलाही मराठी माणूस पहिल्या ओळीवरूनच ओळखेल. काका डॉक्टर होते, सत्तरच्या दशकात इथे आले, आणि माझ्या येण्याआधीच वारले. मागे काकू, तीन खोल्यांचं घर, आणि आल्यागेल्याला द्यायला ठेवलेले डबे. प्रत्येक झाकणावर काकांच्या नावाची अक्षरं कोरलेली.

मी जत तालुक्यातली. वडील रस्त्यावर खडी पसरायचे, मी रस्त्यांची इंजिनियर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी कुठेही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको. सांगलीला बी. ई. केलं, ग्लासगोला येऊन पुढची डिग्री घेतली आणि जवळच्या एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, रस्ते विभागात लागले. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी काकूंना सांगितलं, एक नवीन मुलगी आली आहे, एकटी राहते. काकूंचा फोन आला, “रविवारी जेवायला ये. लवकर ये.”

नोव्हेंबर होता. भरली वांगी, वरण, भात, पोळ्या. नोकरी लागल्यापासून मी दोन महिने पाव खाऊन काढलेले. दोन पोळ्या झाल्यावर काकूंनी विचारलं, “अजून एक?”

मी म्हणाले, “नको.”

आता आमच्याकडे पहिलं ‘नको’ हे नुसती रीत म्हणून म्हणायचं असतं. दुसऱ्या ‘नको’ला हात ताटावर आडवा धरायचा. तिसऱ्यांदा वाढणारी हात बाजूला सारते आणि पोळी पडते. काकू म्हणाल्या, “बरं.” आणि पोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

मी त्या झाकणाकडे बघत राहिले. मग चहा आला, अर्धा झाला, आणि कोट माझ्या मांडीवर आला.

घरी फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, “जेवाय बोलवून हाकललं व्हय? कसली मानसं गं ती? पुन्हा जाऊ नगंस.”

“डबा दिलाय आई. तो परत द्यायला जावं लागेल.”

“मग मोकळा दिऊ नगंस. काय तरी घाल त्यात,” आई म्हणाली. रागाच्या जागी राग, रीतीच्या जागी रीत.

मी डब्यात शेंगदाण्याचे लाडू घालून परत नेला. काकूंनी डबा घेतला, लाडू काढले, त्यात शंकरपाळे भरले आणि पुन्हा माझ्याच हातात दिला. “चल, निघ आता. अंधार लवकर पडतो.” असा तो डबा आमच्यात फिरत राहिला. कधी रिकामा फिरला नाही, आणि कुणाच्याच घरी फार दिवस राहिला नाही.

मंडळात त्यांच्यावर भरपूर विनोद होते. “काकूंकडे जायचं तर कोट काढूच नये.” “काकूंकडे रिटर्न तिकीट काढूनच जावं.” एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही एक हॉल घेतला होता. बायका नटून आलेल्या, वाणाची देवाणघेवाण चाललेली, आणि तीन वाजता काकूंनी हॉलचे दिवे दोनदा विझवून लावले, शाळेची घंटा द्यावी तसे. “बायांनो, चारला अंधार. साडी बघा किती पातळ नेसून आलात. निघा.”

“अहो काकू, हॉल सहापर्यंत आपला आहे!”

“हॉल आपला आहे. रस्ता आपला आहे का?”

त्यावर सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. कारण रस्ता, म्हटलं तर, माझा होता.

एव्हाना कौन्सिलमध्ये मला हिवाळ्याच्या कामावर घेतलं होतं. इथे पारा खाली जायला लागला, की रस्त्यांवर मीठ पसरणारे ट्रक सोडतात. ग्रिटर म्हणतात त्यांना. कुठल्या रस्त्यावर आधी, कुठल्या नंतर, आणि आज सोडायचे की नाही, हे दुपारचा हवामानाचा फोरकास्ट बघून ठरवायचं. ते ठरवणाऱ्यांपैकी मी एक. ट्रकांना शाळेतल्या पोरांनी गमतीची नावं दिलेली असतात. मी काकूंना ती नावं सांगितली, तेव्हा त्या खूप हसल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, “पण ते वेळेवर निघतात ना?”

तेव्हापासून त्यांचा फोन यायला लागला. “मीठ टाकलं का?” हॅलो नाही, कशी आहेस नाही. मी मीटिंगमध्ये असले तरी उचलायची. माझा मॅनेजर विचारायचा, “तुझी आई?” मी म्हणायची, “नाही, सुपरवायझर.”

एकदा मी त्यांना समजावलं, “काकू, तुमची गल्ली यादीत शेवटी येते. आधी बसचे रस्ते, हॉस्पिटलचे रस्ते. तुम्ही बाहेर पडूच नका ना.”

“माझ्यासाठी नकोच आहे गं मला मीठ,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरून जाणाऱ्यांसाठी टाक.”

बायका बाळंतपणं सांगतात तसे त्या हिवाळे सांगायच्या. सत्तेचाळीसचा हिवाळा त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडून ऐकलेला, की कोळसा संपला आणि लोकांनी जुन्या खुर्च्या जाळल्या. त्रेसष्टचा काकांच्या दवाखान्यातल्या नर्सकडून. त्या साली बर्फ नाताळाला आला आणि उठायला मार्च उजाडला. ब्याऐंशीचा स्वतः पाहिलेला. पंचाण्णवच्या नाताळात शहरभर पाण्याचे पाइप गोठून फुटले, ते तर त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर अजून दिसत होतं. पिवळसर डाग. त्यांनी तो रंगवू दिला नाही. दोन हजार दहाच्या डिसेंबरात मोटरवेवर लोकांनी गाडीत रात्र काढली, त्याबद्दल त्या अशा बोलायच्या, जणू त्या लोकांना त्यांनीच गाडीत बसवून पाठवलं होतं.

फक्त एका हिवाळ्याबद्दल त्या बोलत नसत. अठ्ठ्याहत्तरच्या. त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी उत्तर स्कॉटलंडवर मोठं हिमवादळ आलं होतं. गाड्या पुरल्या गेल्या, आगगाडी अडकली, माणसं गेली. आम्हाला कामाच्या ट्रेनिंगमध्ये त्या वादळावर एक अख्खा तास होता. ते शिकून आले तेव्हा मी उत्साहाने विचारलं, “काकू, अठ्ठ्याहत्तरला तुम्ही इथेच होतात ना?”

“होते,” त्या म्हणाल्या. “चहा संपव.”

दुसरी एक गोष्ट. संक्रांतीला त्या तिळाच्या वड्या करायच्या, हलवा करायच्या, पण गुळाची पोळी नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “मला लाटता येत नाही. गूळ बाहेर येतो.” बाकी सगळं इतकं नेटकं करणारी बाई हे म्हणाली, की आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो.

दोन हजार अठराला पूर्वेकडून तो मोठा गारठा आला. नवीन लग्न झालेलं एक जोडपं त्या सकाळी काकूंकडे होतं. आदल्या रात्री राहिलेलं. काकूंनी त्यांना नाश्त्याच्या टेबलावरून उठवलं. पोरगी रडवेली झाली. मला फोन करून म्हणाली, “ताई, आम्ही काय चुकलो? पोहे पण खाऊ दिले नाहीत. डब्यात भरून दिले.” संध्याकाळपर्यंत मोटरवेवर शेकडो गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. हे दोघं घरी बसून टीव्हीवर ते बघत होते, डब्यातले पोहे खात.

बर्फ वितळल्यावर ते पेढे घेऊन काकूंकडे गेले. मी तिथेच होते. वाटलं, काकू खूश होतील. आपलं खरं ठरलं, की कुणाला आवडत नाही? मला तर फार आवडतं. पण काकूंनी पेढ्यांचा बॉक्स उघडलासुद्धा नाही. म्हणाल्या, “एकदा वेळेवर पाठवलं म्हणून पेढे कसले?” आणि आत निघून गेल्या.

त्या ‘एकदा’ या शब्दावर मी तेव्हा थांबायला हवं होतं. थांबले नाही.

दर जूनमध्ये काकूंकडे साउथहॅम्प्टनचे एक डॉक्टर यायचे. मानसोपचारतज्ज्ञ, आता निवृत्त. उंच, थट्टेखोर गृहस्थ. डाव्या हाताची तीन बोटं अर्ध्यावर संपलेली. ते तो हात लपवत नसत. मंडळाच्या पिकनिकला त्या हाताने क्रिकेटचा बॉल झेलायचे, सुटला की म्हणायचे, “बोटं असती तर धरला असता.” काकू तिथून उठून जायच्या. त्यांना जूनशिवाय कधी यायची परवानगी नव्हती. एकदा त्यांनी दिवाळीला येतो म्हटलं, तर काकूंनी फोनवरच, “अजिबात नाही. नोव्हेंबर आहे,” म्हणून ठेवून दिला. जूनमध्ये ग्लासगोला रात्री दहापर्यंत उजेड असतो. तरी त्यांनाही अर्ध्या चहावर डबा मिळायचा.

मागच्या जानेवारीत काकूंचा फोन आला. एव्हाना माझं लग्न झालं होतं. मी ऑफिसात होते.

“आज काही पडणार आहे?”

“नाही काकू. आकाश कोरडं आहे. उद्याही नाही.”

“परवा?”

“परवाही नाही.”

“मग उद्या जेवायला ये. रजा काढ. आणि नवऱ्याला आणू नकोस, एकटी ये.”

गेले. दार उघडताच वास आला आणि मी दारातच थांबले. भाजलेले तीळ, बेसन, तूप, गूळ. त्या लाटत होत्या. पातळ, गोल, काठापर्यंत गूळ गेलेला, कुठे फुटलेली नाही. लाटता येत नाही म्हणणाऱ्या बाईच्या हातच्या पोळ्या.

“बस,” त्या म्हणाल्या. “मी लाटता लाटता सांगते. तोंडाकडे बघून सांगता येणार नाही.”

मग त्यांनी सांगितलं. साउथहॅम्प्टनचे डॉक्टर तेव्हा पंचविशीतले होते. काकांच्या कॉलेजातून आलेला मुलगा, उत्तरेकडे इनव्हर्नेसच्या हॉस्पिटलात नोकरी, सर्जन व्हायचं होतं. सुट्टीत दोन दिवस काकूंकडे आला होता. त्या शनिवारी सकाळी नाश्ता करून निघणार होता. काका म्हणाले, जाऊ दे त्याला, रेडिओवर उत्तरेला बर्फ सांगतायत. काकूंनी ऐकलं नाही. संक्रांतीचे दिवस, आई नसलेला पोरगा, गुळाची पोळी खाल्ल्याशिवाय कसा पाठवायचा?

“भारतातून आणलेली ढेप होती. थंडीने दगड झालेली. किसायलाच किती वेळ गेला. तो बिचारा बूट घालून बसलेला. म्हणाला, वहिनी, राहू दे, पुढच्या वेळी खाईन. आणि मी काय म्हणाले माहीत आहे?” त्यांनी लाटणं थांबवलं. “मी म्हणाले, ‘बर्फ काय पळून जातोय का?’”

जेवला. एक झाली, दुसरी घातली. नको म्हणाला, तिसरी घातली. दुपार झाली. उरलेल्या पोळ्या डब्यात बांधून दिल्या. इनव्हर्नेसच्या अलीकडच्या घाटात वादळाने त्याला गाठलं. गाडी बर्फात रुतली. ती रात्र आणि दुसरा पूर्ण दिवस. गाडीच्या धुराची नळी बर्फाने बुजली तर आत जीव जातो, म्हणून तो परत परत उतरून हाताने बर्फ उकरत राहिला. डावा हातमोजा वाऱ्याने गेला होता.

“सर्जन व्हायचं होतं त्याला,” काकू म्हणाल्या. “आता म्हणतो, मनाच्या डॉक्टरला बोटं लागत नाहीत, कान लागतात. हसवतो मला. इतकी वर्षं हसवतो.”

पोळी तव्यावर टाकली.

“तू रस्त्यांची इंजिनियर. ते वादळ शिकलीस म्हणालीस. मला एवढंच सांग. सकाळी निघाला असता तर पोचला असता का?”

मी पहिल्यांदा पळवाट काढली. म्हणाले, “काकू, चूक असेल तर रस्ता उघडा ठेवणाऱ्यांची. आज त्या घाटांत फाटकं आहेत. बर्फ वाढला की लावून टाकतात. तेव्हा असती तर त्यांना कुणी जाऊच दिलं नसतं. म्हणजे चूक आमच्याच लोकांची.”

“तू तेव्हा जन्मली तरी होतीस का?”

“नाही.”

“मग दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊ नकोस. सरळ सांग. हे बघ, काका जाईपर्यंत म्हणत होते, तुझी काही चूक नाही. तो म्हणतो, वहिनी, तुमची काही चूक नाही. माझी मुलगी म्हणते, आई, लेट इट गो. सगळे मला साखर चारतायत. तुला गोड बोलता येत नाही, म्हणून तुला बोलावलं.”

याचा मला अभिमान वाटला, हे लिहायलाच हवं. मला गोड बोलता येत नाही, हे खरंच आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. मी नकाशा डोळ्यांसमोर आणला. शनिवार. बर्फ दुपारनंतर दाट झाला. सकाळी निघालेली गाडी इनव्हर्नेसपर्यंत. हिशोब सरळ होता.

“पोचले असते, काकू,” मी म्हणाले. “सकाळी निघाले असते तर वादळाच्या आधी इनव्हर्नेसला पोचले असते.”

तव्यावरची पोळी थोडी करपली. त्यांनी ती उलटली. उतरवून बाजूला ठेवली.

“हं,” त्या शेवटी म्हणाल्या. “बरं झालं. कुणीतरी म्हणालं.”

रडल्या नाहीत. पदराने कपाळ पुसलं, माझ्यासमोर ताट ठेवलं, पोळीवर तुपाची धार सोडली. मी खाल्ली. त्यांनी दुसरी आणली.

“नको काकू, पोट भरलं.”

“खा गं.”

“खरंच नको.” मी ताटावर हात आडवा धरला.

त्यांनी माझा हात मनगटाला धरून बाजूला केला आणि पोळी ताटात टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग समोर बसल्या, हनुवटीखाली हात घेऊन, मी खाते आहे ते बघत. अंधार पडला. दिवा लावला. खिडकीकडे त्या गेल्या नाहीत, निघ म्हणाल्या नाहीत. मीच कोट घ्यायला उठले, तर म्हणाल्या, “बस ना थोडं. काय घाई आहे?”

घरी येताना गाडीत शेजारच्या सीटवर डबा होता, उरलेल्या पोळ्यांचा. मी स्वतःवर खूश होते. वाटत होतं, इतक्या शिकल्यासवरल्या लोकांना जे जमलं नाही ते एका खडीवाल्याच्या पोरीने केलं. खरं बोलली.

काकू एप्रिलमध्ये गेल्या. गल्लीतल्या चेरीला बहर आलेला, हवा उबदार, झोपेत. थंडीचा काही संबंध नाही. डबा माझ्याकडेच होता. त्यात काय घालून परत द्यावं, हे ठरवता ठरवता राहून गेला होता.

अंत्यविधीला साउथहॅम्प्टनहून डॉक्टर आले. जून नव्हता, तरी आले. नंतर काकूंच्याच घरी सगळ्यांसाठी चहा होता. त्यांच्या मुलीने केलेला. कप भरलेला होता आणि कुणी उठवत नव्हतं. त्यामुळे कुणालाच बसवत नव्हतं. डॉक्टर छतावरच्या त्या पिवळ्या डागाखाली उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले.

“काकूंनी मला जानेवारीत सांगितलं,” मी म्हणाले. “अठ्ठ्याहत्तरचं.”

“अच्छा.” ते हसले. “मग तुम्हाला पण विचारलं असेल. सकाळी निघाला असता तर?”

“हो.”

“मी त्यांना किती वेळा सांगितलं. पत्रात लिहिलं, फोनवर सांगितलं, समोर बसून नकाशा काढून दाखवला. अहो, मी इनव्हर्नेसला थांबणारच नव्हतो त्या दिवशी. नोकरी इनव्हर्नेसची, पण तो आठवडा मला वर टोकाला, विक नावाच्या गावी, छोट्या हॉस्पिटलात ड्यूटी होती. सकाळी निघालो असतो तर इनव्हर्नेसवरून पुढे गेलो असतो, आणि संध्याकाळी त्या वरच्या माळावर असतो. तिथल्या गाड्या बर्फाखाली गेल्या. तिथली माणसं गेली. मी उशिरा निघालो म्हणून घाटातच अडकलो. माझ्या पुढे एक लॉरी अडकलेली होती, तिच्या ड्रायव्हरने पहाटे मला केबिनमध्ये घेतलं. सुटका होईपर्यंत दोघांनी काय खाल्लं, माहीत आहे? गुळाच्या पोळ्या. तो म्हणाला, हे बिस्कीट कुठे मिळतं?”

मी वर छतावरच्या डागाकडे बघितलं.

“पण वहिनींना वाटायचं, मी त्यांच्यासाठी रचून सांगतो. म्हणायच्या, तू चांगला मुलगा आहेस, तू खोटं बोलणारच.” त्यांनी कप खाली ठेवला. “तुम्ही काय सांगितलंत?”

कुठल्याही प्रवासाबद्दल बोलताना आधी विचारायचं असतं, जायचं कुठे आहे. रस्त्याच्या कामात हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी विचारलं नव्हतं. मला उत्तर येत होतं ना.

“मी म्हणाले, पोचला असतात.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मग त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, बरं झालं, कुणीतरी म्हणालं. मग मला दुसरी पोळी वाढली.”

“वाढली?”

“हो. मी नको म्हणत होते. हात बाजूला करून वाढली.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. अर्धवट बोटांच्या त्या हाताने तो पुसायला बराच वेळ लागतो.

“मला त्यांनी त्या दिवसानंतर कधी दुसरी पोळी वाढली नाही,” ते म्हणाले. “एवढ्या जूनांमध्ये एकदाही नाही. एक वाढायच्या, आणि झाकण. मी इथून निघालो की स्टेशनवर सँडविच खायचो.”

ते हसले, मीही हसले, आणि मग दोघांनाही हसता येईना.

तेव्हापासून मी हे उलटसुलट करून पाहते आहे. मी चुकीचं सांगितलं. ज्या बाईला सगळे खरं सांगत होते, तिने माझ्या एकटीचं खोटं खरं मानलं, आणि ते घेऊन ती गेली. तिच्या पोळ्यांनी त्याचा जीव वाचवला होता, हे तिला पटवायची एक संधी होती. उत्तर देण्याआधी मी फक्त एक प्रश्न विचारायचा होता, त्यांना जायचं कुठे होतं? डॉक्टर मला फोनवर म्हणाले, “अहो, त्यांना सुटका नको होती, कुणीतरी हो म्हणायला हवं होतं, ते तुम्ही दिलंत.” मानसोपचारतज्ज्ञ आहेत. असं बोलणं त्यांचं काम आहे. माझी आई म्हणाली, “खाल्लीस न्हवं पोळी? मग झालं.” तिलाही मी पूर्ण सांगितलेलं नाही. मला आता कुणी गोड बोललं, की काकूंना काय वाटायचं ते कळतं.

हा हिवाळा सुरू झाला. माझ्याकडे पाहुणे येतात. त्यांच्या हातातला चहा अर्धा होतो तेव्हा मी उठते. निघा म्हणावंसं वाटतं, थांबा म्हणावंसं वाटतं. मग मी खिडकीशी जाते आणि काचेवर हात ठेवते. नवरा विचारतो, “काय बघतेस?” मी म्हणते, “काही नाही. मीठ टाकलंय.”

गेल्या आठवड्यात मी गुळाच्या पोळ्या केल्या. ढेप किसताना नखं दुखली. पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या, गूळ बाहेर आला. थंड झाल्यावर त्या काकूंच्या डब्यात भरल्या. परत द्यायला आता घर नाही. ते विकलं गेलं, नव्या लोकांनी छतावरचा डाग रंगवला असेल. डबा मी माझ्या गाडीच्या डिकीत ठेवला आहे. फावडं, घोंगडी, जाड हातमोज्यांचा एक जास्तीचा जोड, आणि त्यांच्यावर तो. वळणावर झाकण थोडं वाजतं. थांबून मी ते घट्ट करते, आणि पुढे निघते.